कानबाईचा रोट आणि तिसरी फेरी

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात नाहीतर रुग्णांच्या केसपेपरवर. स्वतःबद्दल लिहून लोकांना वाचायला द्यावं, असं माझ्याकडे काही आहे याची मला अजूनही खात्री नाही. पण श्रावणातला तो एक सोमवार डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी तेव्हा धुळ्यात सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बायको आणि आमची दीड वर्षाची मुलगी पारोळ्याजवळच्या गावी, माझ्या आईवडिलांकडे राहत होत्या. बायकोही एमबीबीएस. मुलीच्या जन्मानंतर तिने नोकरी सोडली आणि मुलगी झोपली की पुस्तक उघडायचं, अशा रीतीने पीजीचा अभ्यास केला. प्रवेशाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत तिचा नंबर लागला नाही. तिसरी राहिली होती. धुळे किंवा जळगाव मिळालं असतं तर आम्ही तिघं एका घरात, निदान एकाच बसच्या रस्त्यावर राहिलो असतो. लांब कुठे मिळालं तर मुलीचं काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत होता.

ती फोनवर विचारायची, "अहो, समजा लांब लागला तर?"

"आधी लागू तर दे," मी म्हणायचो. तेवढ्यात वॉर्डातून कुणीतरी हाक मारायचं आणि बोलणं तिथंच तुटायचं.

गावी जायचो तेव्हा मुलगी मला पाहून आजीच्या पदराआड लपायची. हळूहळू जवळ यायची, माझी चप्पल ओढायची, हसायची. तिची भीड चेपेपर्यंत माझी परतीची बस यायची.

त्या रविवारी घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली होती. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या घराण्यात कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. आणि उरवायचा तर मुळीच नाही. ज्याच्या नावाचे गहू घेतले तो हजर नसला तर त्याचा वाटा राखून ठेवतात. मला सुट्टी नव्हती. माय फोनवर एवढंच म्हणाली, "तुना वाटा ठेवस."

निकाल सोमवारी लागेल असं ऐकत होतो. सोमवारी सकाळीच ऑपरेशन थिएटरमध्ये शिरलो. फोन लॉकरमध्ये. पहिली केस संपेना. ऑपरेशन करणाऱ्या मॅडमनी विचारलं, "काय रे, लक्ष कुठाय?" मी म्हटलं, "इथंच आहे, मॅडम." जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर मी घट्ट धरला होता, नजर मात्र घड्याळाकडे जात होती.

दोन केसच्या मध्ये धावत जाऊन लॉकर उघडला. बायकोचे लागोपाठ मिस्ड कॉल. उलट फोन केला तर लागेना. ती सगळी कानबाईच्या विसर्जनाला नदीवर गेली असणार, तिथे रेंज नसते. मग निकालाची वेबसाइट उघडायला गेलो. गोल गोल फिरत राहिली. बंद करून परत उघडली, तेच. इतके कॉल म्हणजे नंबर लागला असेल. की नाही लागला म्हणून? लागला तर कुठे? तेवढ्यात सिस्टरांनी हाक मारली, पुढचा पेशंट आत घेतला होता.

आणि त्याच वेळी वॉर्डबॉय येऊन म्हणाला, "सर, तुमचे वडील आलेत. डबा घेऊन बाहेर बसलेत."

मी आत निघालोच होतो. माझ्या ज्युनिअरला म्हटलं, "डबा घेऊन ठेव. आबांना सांग, मला वेळ लागेल, त्यांनी बसची वेळ चुकवू नये." ज्युनिअर साताऱ्याचा. आमच्या होस्टेलवर घरून आलेला डबा सगळ्यांचा, हा नियम त्याला तोंडपाठ. हात धुऊन, ग्लोव्हज घालून मी टेबलाशी उभा राहिलो तेव्हा तो परत आला. मास्कच्या आडून त्याचं हसू कळत होतं.

"सर, तुमचे आबा डबा देत नाहीत. मी म्हटलं, काळजी करू नका, आम्ही संपवतो. तर त्यांनी डबा मांडीखालीच घेतला. म्हणाले, तू आमना भाऊबंद शे का?"

मॅडमसुद्धा हसल्या. मला हसू आलं नाही. रोट परक्याच्या हाती द्यायचा नाही हे खरं, पण आबा बसची वेळ कधी चुकवत नाहीत. ते थांबले होते. आबा उगाच थांबणारे नाहीत.

ती केस सरता सरेना. टाके घालायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक टाका नीट घातला, कारण घाई केली तर पुन्हा घालायला लावतील हे माहीत होतं.

बाहेर आलो तर आबा बाकड्यावर ताठ बसलेले, टोपी गुडघ्यावर. मला पाहून त्यांनी डबा उघडला. रोटाचा तुकडा, वर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी.

"आबा, घरून काही निरोप?"

"आधी खाई ले."

"निकाल लागला का, तेवढं तरी सांगा."

"खाई ले म्हनस ना. सांगं तर तू खाशी नही."

म्हणजे निकाल लागला होता. रोट कोरडा झालेला, घशाखाली उतरत नव्हता. आबांनी बाटलीचं झाकण काढून पाणी पुढे केलं. येणारेजाणारे बघत होते, थिएटरच्या हिरव्या कपड्यांत एक डॉक्टर बाकड्यावर बसून घाईघाईने गिळतोय आणि म्हातारा त्याच्या घासाघासावर नजर ठेवून आहे. डबा रिकामा झाला. आबांनी तळ तिरका करून पाहिला, झाकण लावलं, पिशवीत ठेवलं. मग टोपी घातली.

"लागना तिना नंबर," ते म्हणाले. "कोल्हापूरले."

मी विचारलं, "आणि पोरगी?"

आमची माय नाशिकच्या पलीकडे कधी गेलेली नाही. आबांना चहासुद्धा करता येत नाही. ते माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तुनी माय जाई राह्यनी संगे, पोरले सांभाळाले. सकायलेच ठरनं. परवा निंघतीन."