संस्थापकांचे फोटो वर, नर्सरी खाली

आमच्या नर्सरीची वेबसाइट कशी असावी हे ठरवायला घरात बैठक बसली, तेव्हा मला फक्त चहा आणायला बोलावलं होतं. चहा ठेवून मी तिथंच बसले. सगळ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मला उठवलं नाही. एवढ्याचेही उपकार मानावेत अशी त्यांची अपेक्षा असावी.

नर्सरी म्हणजे भाजीपाल्याची आणि फळांची रोपं. बीडजवळच्या पालीच्या पुढं आमच्या रानात शेडनेट आहे. धरण जवळ, त्यामुळं विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं. मी आठ दिवसांचं एक प्रशिक्षण घेऊन आले आणि जाळीच्या आडोशाखाली वीस ट्रे घेऊन सुरुवात केली, तेव्हा घरातला एकही पुरुष तिकडं फिरकला नव्हता. 'बायकांचा टाइमपास' असं त्याचं नाव होतं. एका खणात एक बी, वर भुसा, मग ट्रे झाकून ठेवायचे, अंकुर दिसला की उघडायचे, पाणी किती द्यायचं आणि न्यायच्या आधी किती तोडायचं, हे सगळं मी आणि माझ्याबरोबरच्या दोन बायका करत आलो. चौथ्या वर्षी पाटोद्याकडून, केजकडून गाड्या यायला लागल्या. मग मात्र टाइमपासचा एकदम 'आपला व्यवसाय' झाला.

वेबसाइट पाहिजे हे मीच म्हटलं होतं. कारण साधं होतं. पाटीवर आमच्या ह्यांचा मोबाइल नंबर होता. शेतकरी फोन करून विचारायचा, मिरची किती दिवसांची झाली, खरबूज कधी नेता येईल? हे म्हणायचे, "थांबा, घरात इचारतो." मग कधी विचारायचे, कधी विसरायचे, कधी लग्नातल्या पंगतीत बसून मनानेच तारीख देऊन टाकायचे. टरबूज-खरबुजाचं रोप दोन आठवड्यांत न्यावं लागतं. पुढं त्याची मुळं खणात गुंडाळतात, वेल एकमेकांत अडकतात आणि ते रोप फुकट दिलं तरी कोणी नेत नाही. चुकीच्या तारखेपायी दोनदा माझी रोपं अशी वाया गेली होती. म्हणून वहीच्या एका पानावर मी माझी वेबसाइट काढून ठेवली होती. आज कोणतं रोप तयार आहे, किती दिवसांचं आहे, कोणत्या दिवशी न्यायचं, रस्ता कसा आहे, आणि खाली माझा नंबर. बस.

बैठकीला सासरे होते, हे होते, चुलत सासरे होते आणि बीडचा फ्लेक्सवाला होता. हा ह्यांचा वर्गमित्र. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापता छापता त्यानं 'वेबसाइट बनवून मिळेल' अशी एक ओळ स्वतःच्या पाटीवर वाढवली होती. त्यानं लॅपटॉप उघडला आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेबांचा फोटो डावीकडं घ्यायचा का उजवीकडं?"

मला वाटलं, गंमत करतोय. पण यावर पाऊण तास चर्चा झाली. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांना टरबूज फक्त फोडी केलेलं माहीत असणार. तरी ते 'प्रेरणास्थान' म्हणून सगळ्यात वर गेले. त्यांच्याही वर गणपती आणि कुलदैवत, कारण पत्रिकेत तसंच असतं. त्याखाली गोल चौकटीत सासरे, 'संस्थापक'. मग हे, 'कार्यकारी संचालक'. मग चुलत सासरे, 'मार्गदर्शक'. चुलत सासऱ्यांनी आमचं शेडनेट रस्त्यावरून जाताना पाहिलेलं आहे, एवढंच त्यांचं मार्गदर्शन. पण त्यांचा गोल सासऱ्यांच्या गोलापेक्षा बारीक निघाला म्हणून ते लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाले, "आमी काय किरकोळ हाय का?" फ्लेक्सवाल्यानं गोल वाढवला. मग सासरे रुसले. मग त्यांचाही वाढवला. असं करत करत दोघांचे चेहरे परातीएवढे झाले आणि रोपांसाठी पानावर जागाच उरली नाही.

"खाली सरकवलं की दिसतंय," फ्लेक्सवाला म्हणाला.

"किती खाली?" मी विचारलं.

"वहिनी, तुमी टेन्शन घेऊ नका. साइट उघडली की हलगी वाजणार हाय."

हलगीवर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरात इतकं एकमत मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी वहीचं पान पुढं केलं. फ्लेक्सवाल्यानं ते वाचलं, ह्यांच्याकडं दिलं, ह्यांनी घडी घालून बशीखाली ठेवलं. मी म्हटलं, "निदान नंबर तरी माझा टाका. फोन आला तर उत्तर मलाच द्यावं लागतं." सासरे छताकडं बघायला लागले. हे म्हणाले, "बाईमाणसाचा नंबर असा जगभर कशाला टाकायचा? मी हाय की." फ्लेक्सवाला समजूत काढायला आला. "वहिनी, तुमचा पन मान ठेवलाय." आणि त्यानं पानाच्या शेवटी, स्वतःच्या जाहिरातीच्या वर, एक ओळ टाकून दाखवली : 'विशेष सहकार्य : घरातील महिला वर्ग'.

मला इतका राग आला की हसू आलं. चार वर्षं ज्या ट्रेंवर पाठ वाकवली, त्याच ट्रेंना मी सहकार्य करत होते! मी कपबश्या उचलल्या आणि वहीचं पानही उचललं. मनात म्हटलं, घाला काय गोंधळ घालायचा तो. आता मी एक शब्द बोलणार नाही. आणि हा हट्ट मी अगदी नेमका नको त्या दिवशी पाळला.

त्या आठवड्यातच फ्लेक्सवाला कॅमेरा घेऊन शेडनेटमध्ये आला. मुख्य पानावर संचालकांचा व्हिडिओ पाहिजे होता. हे पांढरे कपडे, गॉगल आणि पायात नवे बूट घालून आले. ओल्या जमिनीत पहिल्या पावलालाच बूट फसला. बाकीचे दिवस मी तिथं अनवाणी फिरते, पण त्या दिवशी माझं काम वेगळं होतं. फ्लेक्सवाल्यानं माझ्या हातात थर्माकोलचा एक मोठा पांढरा तुकडा दिला. जाळीतून येणारं ऊन त्यावर घेऊन ह्यांच्या तोंडावर टाकायचं. "वहिनी, जरा वर. हां, आता संचालक उजळले."

तर मी कॅमेऱ्यामागं उभी राहून संचालकांना उजळवत होते. त्यांच्यासमोर दोन ट्रे ठेवलेले होते, एक टरबुजाचा, एक खरबुजाचा, दोन्ही दहा दिवसांचे. ज्यानं ही पिकं घेतली आहेत त्याला लांबूनही फरक कळतो. टरबुजाचं खरं पान निघालं की ते कातरलेलं असतं, खरबुजाचं गोल. ह्यांनी ऐटीत एक ट्रे उचलला, छातीशी धरला आणि पाठ केलेलं बोलायला लागले, "नमस्कार शेतकरी बांधवांनो. हे बघा आमचं टरबुजाचं जातिवंत रोप. आमी प्रत्येक रोपावर स्वतः लक्ष देतो."

ट्रे खरबुजाचा होता.

माझा हात हललासुद्धा नाही. थर्माकोल तसाच स्थिर धरला. माझ्याबरोबरच्या दोन बायका मागं बसून ट्रे भरत होत्या, त्यातल्या एकीनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच तिला गप्प बसवलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला त्या घरात खूप दिवसांत वाटलं नव्हतं. फ्लेक्सवाला म्हणाला, "एक नंबर! परत घ्यायची गरज न्हाई." मीही म्हटलं, "छान झालं."

साइट दोन दिवसांत सुरू झाली. सासऱ्यांनी दहा वेळा उघडून दहा वेळा हलगी ऐकली. तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ टरबूज लावणाऱ्यांच्या मोबाइल ग्रुपवर फिरायला लागला. कोणी खाली लिहिलं होतं, 'संचालकांना खरबूज कापून द्या, टरबूज म्हणून खातील.' ते वाचून मी चुलीपुढं एकटीच पोट धरून हसले. हे मात्र घरभर सांगत होते, "बघितलं का, कुठं कुठं पोचली आपली साइट!"

हसणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी केजचे एक बागायतदार शेडनेटवर आले. तीन वर्षं ते माझ्याकडूनच रोप नेत होते. थोराड, मोजकं बोलणारा माणूस. त्यांची खरबुजाची रोपं त्याच दिवशी न्यायला तयार होती, मी सकाळपासून त्यांचे ट्रे बाजूला काढून ठेवले होते. पण ते शेअर जीपनं एकटेच आले होते. न्यायला टेम्पो आणलेला नव्हता.

त्यांनी वाकून रोप पाहिलं, एक उपटून मूळ पाहिलं. मग म्हणाले, "ताई, रोप लई चांगलं हाय. पर मी नेत न्हाई. फोनवर कळवलं व्हतं, तरी तोंडावर सांगावं म्हनून आलो. निरोप भेटला न्हाई का?"

निरोप ह्यांना मिळाला होता. ह्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला होता. त्यांच्यासारख्या आणखी दोघांचे फोन येऊन गेले होते, तेही मला नंतर कळलं.

"काय झालं, काका?" मी विचारलं.

"माझ्यासंगं गावातले चौघं लावणार हायत. त्यांनी तो व्हिडिओ बघितला. ते म्हणत्यात, जिथं टरबूज कोणतं अन् खरबूज कोणतं हेच कळंना, तिथं बी तरी कोणतं टाकत असतील? उद्या फळ भलतंच निघालं तर मी त्यांना काय सांगू?"

"काका, व्हिडिओतल्या माणसाचा इथं काही संबंध नाही. बी मी टाकते. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत हाय," ते म्हणाले. "मग ते बोलत व्हते तवा तुमी कुठं व्हत्या?"

"तिथंच होते."

"अन् बोलल्या कावून न्हाई?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच त्यांना कळत नव्हतं. माझी रोपं खोटी ठरत असताना मी ह्यांच्या तोंडावर ऊन धरून उभी होते, हे मी त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार? मग उपटलेलं रोप परत खणात ठेवून, बोटानं माती दाबून ते गेले.

पुढचे चार दिवस मी नंबर शोधून शोधून फोन केले. दोघांनी थोडे ट्रे नेले. बाकीची रोपं वाढत गेली, वेल एकमेकांत गुंतले, पानं खालून पिवळी पडली. पाचव्या दिवशी मी ट्रे एकेक करून उकिरड्यावर रिकामे करायला लागले. रडू येत होतं आणि मी ते थांबवलं नाही.

तेवढ्यात हे आले. उकिरड्याच्या कडेला उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "वेल लई वाढले गं. टरबूज टाकतीस का खरबूज?"

मी ढिगातून एक रोप उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"पान बघा," मी म्हटलं. "गोल आहे. हे खरबूज."