पुंगळीत डोकावायचं काम

आमच्या घरात माय गप्प बसायची ती एकाच वेळी, अण्णा काडतुसं भरायला बसले की. एरवी तिच्या तोंडाला खळ नसायचा. भाकरी थापताना बोलायची, दळण निवडताना बोलायची, दारावरून जाणाऱ्याला थांबवून त्याच्या सासुरवाडीची चौकशी करायची. अण्णा अबोल, मायच्या मते घुमे. पण वर्षातून एकदोनदा, दुपारची जेवणं उरकली की अण्णा खिडकीजवळचं टेबल ओल्या फडक्यानं पुसायचे, पंखा बंद करायचे, आणि माय पदर खोचून त्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसायची. मग काम संपेपर्यंत त्या खोलीतून आवाज म्हणून यायचा नाही. ही दोघं कसल्या तरी पूजेला बसलीत, असंच मला लहानपणी वाटायचं.

रायफल माझ्या आजोबांची, निजामाच्या वेळची. शिकारीची म्हणून घेतलेली. पुढं शिकार बंद झाली, आजोबा गेले, आणि पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना अण्णांच्या नावावर झाला. आमचं गाव येडशीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. रामलिंगच्या जंगलातली डुकरं रात्रीतून हरभऱ्याचा पार चुथडा करतात. आता खरं सांगायचं तर त्या रायफलीनं मेलेलं एकही डुक्कर मी आजवर पाहिलेलं नाही. अण्णा बार काढायचे तो बांधाच्या मातीत. डुकरं आवाजानं पळायची आणि दोन दिवसांनी परत यायची. "त्यास्नी बी सवय झालीया, सासरी आल्यावानी येतेत," असं माय म्हणायची. पण ते हत्यार पुसून, तेल देऊन ठेवण्यात अण्णांचा जीव होता, आणि माणसाचा जीव कशात असावा हे आपण कोण ठरवणार?

अडचण अशी की त्या मापाची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली. मग अण्णांनी परवान्यात रीतसर मुभा करून घेतली आणि शहरातल्या एका बंदूकवाल्याकडं जाऊन काडतुसं भरायला शिकून आले. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी टाकायची नाही, तीच साफ करून पुन्हा भरायची. त्या बंदूकवाल्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. अण्णांनी कधी तरी धीर करून विचारलं, तर तो म्हणाला, "ही बोलण्यात गेली." गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता त्यानं एकाच पुंगळीत दोनदा दारू टाकली होती. पुंगळी मोठी, दारू तिच्या तळाशी थोडीशीच. दोनदा पडली तरी ती सांडत नाही, वरून गोळी बसली की काहीच दिसत नाही. दिसतं ते घोडा दाबल्यावर. जुन्या लोखंडाला तेवढा जोर सोसत नाही.

त्यानं अण्णांना दोन गोष्टी बजावल्या. भरताना बोलायचं नाही. आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दुसऱ्या माणसानं डोकावायचं, कारण ज्यानं भरलं त्याच्या डोळ्याला जे असायला हवं तेच दिसतं.

दुसरं माणूस म्हणजे माय. नवी नवी लग्न होऊन आलेली. घरच्यांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं म्हणे, बाई माणूस काडतुसात काय बघणार! अण्णांनी सरळ समोर एक खुर्ची मांडली. तेव्हापासून ती खुर्ची मायची. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या असायच्या. अण्णा सोनाराकडं असतो तसल्या काट्यावर दारू तोलून एकेकीत ओतायचे, आणि सगळ्या भरून झाल्या की माय बॅटरी घेऊन एकेकीत बघायची आणि म्हणायची, "बरं हाय." त्या खोलीत उच्चारायला परवानगी होती ती या दोन शब्दांना.

गोळ्याही तीच निवडायची. जाड, लांबुडक्या, बोथट गोल तोंडाच्या. ती त्यांना निंबोळ्या म्हणायची. काचेवर एकेक लोळवायची आणि जी डुगडुगेल ती बाजूला काढायची. एकदा कुणीतरी अण्णांना हलक्या, टोकदार गोळ्या वापरून बघायला सांगितलं. त्यातली एक बांधावर लागली असेल तर शपथ. त्या नळीला जडच गोळी मानवत होती. "म्हाताऱ्याला जुनीच वहाण बरी," माय म्हणाली, आणि अण्णा चक्क हसले.

अजून एक नियम होता. शंका आली की सगळं ओतून टाकायचं. मी शाळेत असताना शेजारचे काका भर कामात हाक मारत थेट खोलीत शिरले. अण्णांनी मान वर केली, खाली घातली, आणि कुठल्या पुंगळीपाशी होतो ते त्यांना आठवेना. त्यांनी सगळा ठोकळा ताटलीत उलटा केला. काकांना मात्र मायनं पुढं वर्षभर सोडलं नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी माय विसरायला लागली. आधी भाजीत दोनदा मीठ, मग गॅसवर दूध. मग कळंबहून भेटायला गेलेल्या मला तिनं तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी तिथं शाळेत शिकवते, दिवसभर लेकरांची पाठांतरं घेते, आणि माझ्या आईला माझंच नाव पाठ राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या, पण उतार पडेल असं काही सांगितलं नाही. तिची अखंड बडबडही हळूहळू आटली. दुपार कलली की ती घाबरी व्हायची, दारात जाऊन उभी राहायची, "मला घरी सोडा" म्हणायची. घरातच उभी राहून. ते ऐकलं की मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. हा माझा जुना स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

गेल्या थंडीत चुलतभावाचा फोन आला. "ताई, तू जरा येऊन बघ. अण्णा अजून काडतुसं भरायलेत. अन् मायला समोर बसवून तपासून घेतेत. म्या खिडकीतनं बघितलं."

माझं टाळकंच सरकलं. जिला लेक ओळखू येत नाही, तिच्या 'बरं हाय'वर हा माणूस पुंगळ्या बंद करणार, आणि ती रायफल खांद्याला लावणार? ऐंशीच्या घरातला माणूस! शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटी काढली. येडशी येईपर्यंत मी त्यांना काय काय बोलणार ते सगळं हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणून घेतलं. भाषण चांगलं झालं होतं.

घरात शिरले तर पंखा बंद, टेबल पुसलेलं, ठोकळा मांडलेला, दोघं समोरासमोर. मी तोंड उघडलं. अण्णांनी मान वर न करता डावा हात उचलला, गप्प.

आणि मी गप्प झाले! पन्नाशीला आलेली बाई, वर्गात माझ्या नुसत्या बघण्यानं पोरं खाली बसतात, आणि त्या एका हातानं मला पुन्हा फ्रॉकमध्ये आणून बसवलं. शिवाय भीती होतीच. दारू उघडी असताना भांडण काढायचं नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. मोबाइल बाहेर ओट्यावर ठेवून आले आणि धुमसत टेबलाच्या कडेला स्टूल ओढलं.

अण्णा चमच्यानं काळे दाणे काट्याच्या पारड्यात घेत होते. काटा स्थिर झाला की नरसाळ्यातून पुंगळीत. एक दाणा पारड्यातून निसटून घरंगळत माझ्यापर्यंत आला. तो मी बोटानं दाबला. तो फुटला, आणि आत पिवळा निघाला.

मोहरी होती.

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण मला कळलंय हे त्यांना कळलं. माझं पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. मी मायकडं बघितलं. पदर खोचलेला, पाठ ताठ, बॅटरी मुठीत धरून ती आपली पाळी येण्याची वाट बघत होती. चेहऱ्यावर ती घाबरी कळा नव्हती. कितीतरी महिन्यांत मी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. मला घट्ट मिठी मारावीशी वाटली, दोघांनाही. पण बोलायचं नव्हतं, हलायचं नव्हतं.

जन्मभर मोहरीची फोडणी देत आलेल्या बाईला मोहरी ओळखू आली नाही, की ओळखूनही ती खुर्चीत बसली, हे मला आजही सांगता येणार नाही.

सगळ्या भरून झाल्यावर अण्णांनी ठोकळा तिच्यापुढं सरकवला. मायनं बॅटरी लावली.

"बरं हाय." पुढची. "बरं हाय." पुढची. "बरं हाय."

ती नुसतंच म्हणतेय, असं मला वाटलं. एखादी आरती तोंडातून आपोआप निघते तसं. मग ती एका पुंगळीशी थांबली. मान तिरकी केली. शेजारच्या पुंगळीत बघितलं, परत हिच्यात बघितलं.

"थांबा," ती म्हणाली. "ह्यात दोनदा पडलंय."

मला हसू आलं. वा अण्णा, मुद्दाम टाकली तर! तिला सापडावी म्हणून. मी कौतुकानं त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी ती पुंगळी उचलली आणि पारड्यात उलटी केली. पारडं खाडकन खाली गेलं. अण्णा त्या पारड्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सगळा ठोकळा ताटलीत रिकामा केला, नियमाप्रमाणं. मायनं समाधानानं मान हलवली, बॅटरी विझवली आणि उठली.

"च्या ठेवते," ती म्हणाली, आणि दाराशी पोचल्यावर मला बघून थबकली. "तू कवा आलीस गं बाय?"

अण्णा मागच्या अंगणात जाऊन बाजेवर बसले. मी शेजारी बसले.

"रायफल कुठंय?" मी विचारलं.

"ठाण्यात." निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. निकाल लागला की लोक आपापली घेऊन येतात. अण्णांनी आणलीच नव्हती. "अर्ज करून देऊन टाकली. दारू, बार पेटवायच्या टोप्या, समदंच. ह्या जुन्या पुंगळ्या तेवढ्या ठिवल्या. दुपारची ती लई कावरीबावरी हुती बघ. एकदा सहज टेबल पुसलं, तर आपली आपण येऊन बसली. लेकरू शांत झाल्यावानी. मग रोजच बसतो."

"रोज?"

"व्हय. मग दुपार बरी जाती तिची."

मी त्यांचा हात हातात घेतला. आमच्यात तशी पद्धत नाही, पण त्यांनी काढून घेतला नाही.

"अन् ती दोनदा टाकलेली? मुद्दाम न्हवं?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "न्हाय गं. म्या एकदाच टाकली, असंच मला वाटत हुतं. अजून बी तसंच वाटतंय." त्यांचे डोळे भरून आले. अण्णांना मी त्याआधी एकदाच रडताना पाहिलं होतं, माझ्या पाठवणीला. "ठाण्यात सायबानं इचारलं, का देताय एवढी जुनी रायफल? म्या काय सांगितलं ठाव हाय का? म्हणलं, तपासणारी नजर ऱ्हायली न्हाय, सायब. मालकीण इसरतीया. समदा दोष तिच्यावर घातला म्या."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मी उठून आत जायला निघाले, गॅस बघायला. अण्णाही मागोमाग आले. माय ओट्यापाशी उभी होती. पातेलं ठेवलं होतं, गॅस पेटवलाच नव्हता, आणि कपात साखर भरून ती पुढं काय करायचं ते शोधत होती. मी पुढं होणार, तेवढ्यात अण्णाच तिच्याजवळ गेले. गॅस लावला. मग तिच्याकडं तोंड करून, ठाण्यातल्या साहेबापुढं उभं राहावं तसे सरळ उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "मघाशी म्या चुकलो. दोनदा म्याच टाकली."

मायनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या गालावरचं ओलं पदरानं टिपलं, लेकराचं पुसावं तसं.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "त्यासाठीच तर म्या बसते न्हवं समोर."