पाद्र्यानं मले विचारलंच नाही

केळापूरच्या रस्त्यावर, माझ्या वावराजवळ, एक गोरा पाद्री बायको-पोरीसंगं वर्षभर राह्यला. नाव मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्यासंगं येऊन बसे. हा धरम बदलायले सांगेल, मी तोंडावर नाही म्हणीन, असं मी ठरवूनच ठेवलतं. सीतादहीले, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेले, त्यानं जोडे काढले, हात मात्र जोडले नाही. दहीभात बोटं चाटून खाल्ला.

तो मायदेशी निघाला त्या दिवशी मीच विचारलं, "काहून बा, तुह्या देवाचं मले कधी काहून नाही सांगतलं?"

तो म्हणे, "बाबाजी, तुम्ही नाही म्हणाला असता. मग मी बसलो कुठे असतो?"

हे पाद्र्याचं बोलणं का दोस्ताचं, मले अजून समजून नाही राह्यलं.