मृगापासून मोजलेला अकरावा महिना

नव्वदच्या दशकात, गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते तेव्हा, आमच्या तालुक्याचा कोश करायचं ठरलं. समितीत मी एकटीच बाई. चाळिशीची, शाळेत इतिहास शिकवणारी, माहेर नगरकडचं आणि त्याचा तोरा केवढा! लाल पेन हातात आलं की ही भवानी स्वतःला न्यायाधीशच समजायची.

वाद दिंद्रुडजवळच्या एका गावाचा होता. निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी तिथं एका खासगी फौजेच्या खाकीवाल्यांनी हल्ला करून माणसं मारली होती. त्याची स्वतंत्र नोंद करायची, की गावाच्या नोंदीत एक ओळ टाकायची? नियम असा, की साक्षी आणि कागद जुळले तरच स्वतंत्र नोंद. मेलेल्यांची नावं फक्त तीत येणार.

गावातल्या एका म्हातारीचा थोरला भाऊ त्यात गेला होता. ती मला म्हणाली, "बाई, दादाचा फोटू न्हाई, समाधी न्हाई. नाव तरी छापा."

मी वहीत लिहिलं : 'साक्षीदार भावनाप्रधान.' काय ती अक्कल!

मला सगळ्यांचाच संशय. सरपंच चहाबरोबर भजी मागवतो, म्हणजे त्याला स्मारक हवं. समितीतले कापडदुकानदार नोंदीच्या बाजूनं बोलतात, म्हणजे त्यांची सासुरवाडी तिथली. (होतीच.) त्यात सगळे जण सांगत, हल्ला पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. मला वाटलं, पढवलेत. मग गावच्या पाटलांच्या पेटीतला हल्ल्याचा उर्दू कागद मौलवीसाहेबांनी वाचून दिला : फसली सालाचा, म्हणजे शेतसाऱ्याच्या वर्षाचा, अकरावा महिना. मी बोटं मोजली. आमच्याकडं फसली साल मृगापासून. अकरावा महिना म्हणजे ऐन उन्हाळा. पोळा उन्हाळ्यात? सापडले चोर!

बैठकीत मी विजयी मुद्रेनं 'एक ओळ' असा शेरा मारला.

दुकानदार शांतपणे म्हणाले, "ताई, मृगापासून कावून मोजलं?"

"फसली तसंच मोजतात."

"तुमच्या नगरात. इथं निजामाचं साल दसऱ्याच्या सुमारास बदलायचं. मोजा बरं आता."

मोजलं. अकरावा महिना नेमका पोळ्यावर आला. अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले. ते हसत होते, पाठ हलत होती. माझ्याच लाल शेऱ्यावर मी काट मारली आणि स्वतंत्र नोंद मंजूर झाली.

छपाईआधी नोंद घेऊन मी म्हातारीकडं गेले. झालेली चूकही सांगितली. म्हटलं, आता रडेल, आशीर्वाद देईल.

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट केला. वाचता येत नव्हतं. "वाच."

वाचलं. तिच्या दादाचं नाव तिसरं होतं.

"परत वाच."

परत वाचलं.

तिनं कागद काढून घेतला, शेजारच्या सुनेला हाक मारली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "आता तू वाच गं. ह्या बाईनं मागं आमाला खोटं पाडलं होतं."

सून वाचेपर्यंत मी उंबऱ्यापाशी उभीच. म्हातारी बस म्हणाली नाही. तिसरं नाव आलं तेव्हा कुठं तिनं बसायला पोतं सरकवलं.