टाक्यातल्या काचपट्ट्या

आज एक मे, पाण्याचं टाकं घासायचा दिवस. हाताला बुळबुळीत थर लागला आणि लेकीचं एमएस्सीचं वर्ष आठवलं. जिवाणू एकमेकांना चिकटून असा थर कसा बांधतात, ते तपासायला तिने इथेच, आमगावच्या घरी, याच टाक्यात काचपट्ट्या टांगल्या होत्या. प्रयोग दाखवायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी त्या राखेने लख्ख घासल्या. लेक रडायलाच लागली. "काऊन रडून राहिली वं? घाण होती, काढली," सासूबाई म्हणाल्या, "घाणच पाहिजे तं गाईची नांद पाह्य, ते कोणीच घासत नाही." लेकीने नांदेतला थर खरवडून कॉलेजात नेला, जांभळा रंगवला आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकातला फोटो मोबाइलवर दाखवला. सगळे जिवाणू दाटीवाटीने बसलेले. "बापा, गावच वसलं की," सासूबाई हरखून म्हणाल्या, "आता त्यांले उठवू नोको." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती नांद खसखसून घासली आणि गाईला ताजं पाणी भरलं.