सत्तावीस नंबरच्या विहिरीवरचा अंगठा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक लोखंडी कपाट आहे. त्यावर पांढऱ्या रंगात ‘दुर्मिळ’ असं लिहिलंय. आतली पुस्तकं दुर्मिळ आहेत की नाहीत कोण जाणे, पण त्यांचं दर्शन नक्कीच दुर्मिळ आहे. किल्ली ग्रंथपालांच्या खिशात असते आणि परवानगी प्राचार्यांच्या मनात.

मी या कॉलेजात भूगोल शिकवते. पीएच.डी.साठी मी कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या विहिरी घेतल्या होत्या. उसाच्या रानात पूर्वी किती विहिरी होत्या, किती खोल होत्या आणि आज कोणाकोणाच्या बंगल्याखाली गेल्या, हे शोधायचं होतं. पूर्वी आमच्याच विभागात एक प्राध्यापक होऊन गेले. ते सायकलवरून शिवारात फिरायचे, दोरीला दगड बांधून प्रत्येक विहिरीची खोली मोजायचे आणि एका वहीत टिपून ठेवायचे. ती वही त्यांनी ग्रंथालयाला दिली, असं विभागात सगळे सांगत, पण कोणी पाहिली नव्हती. वही मिळाली नाही तर माझं शेवटचं प्रकरण लिहिताच येणार नव्हतं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. आता नोंदणी रद्द झाली असती आणि सहा वर्षांचं काम बासनात गेलं असतं.

ग्रंथपालांना विचारलं. “तसलं काय न्हाय मॅडम हितं,” ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. “असलंच तर कपाटात असंल. आन् कपाट उघडायचं म्हंजे अर्ज पायजे, प्राचार्यांची सही पायजे, समितीचा ठराव पायजे.”

“समिती कधी बसते, सर?”

“गेल्या साली बसायची हुती.”

मी अर्ज दिला. त्याच्यावर आवक क्रमांक पडला आणि त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही.

अशात आमचं कॉलेज जगाला जोडलं गेलं. देशोदेशीच्या विद्यापीठांनी मिळून एक सामायिक डिजिटल ग्रंथालय काढलं होतं. सभासदांनी आपापल्या पुस्तकांची यादी त्यात टाकायची आणि दुसऱ्या कोणी मागितलं की स्कॅन करून पाठवायचं, इतकी साधी योजना. आमची त्यात वर्णी लागली. प्राचार्यांनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, माउसला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. पाहुणे म्हणाले, आजपासून जग कोल्हापुरात आलं. दुसऱ्या दिवशी त्या खोलीच्या दारावर पाटी लागली, ‘चपला बाहेर काढाव्यात’. जगात अनवाणी जायची सोय झाली.

मीही एकदा चपला काढून आत गेले आणि कोल्हापुरातल्या विहिरींबद्दल जगात काय आहे ते शोधलं. एकच नोंद आली. हस्तलिखित वही, एकुलती एक प्रत, ठिकाण आमचं कॉलेज, दुर्मिळ कपाट. यादी करताना ग्रंथपालांनीच ती इमानेइतबारे चढवली होती. मी ‘मागणी’ या बटणावर क्लिक केलं. उत्तर आलं की हे पुस्तक तुमच्याच संस्थेत उपलब्ध आहे, कृपया आपल्या ग्रंथपालांना भेटा. मी भेटले.

“नोंद हाय म्हंजे वही हाय असं नस्तंय मॅडम,” ते म्हणाले. “आन् असली तरी नियम हाय.”

एका ऑनलाइन चर्चासत्रात हॉलंडच्या एका संशोधक बाईंशी माझी ओळख झाली होती. शेवटी मी त्यांना कळवळून लिहिलं. त्यांनी तिकडून ते बटण दाबलं, आणि मग आमचं कॉलेज जागं झालं. आमच्याकडे रीतच आहे की घरचं माणूस उंबऱ्यात ताटकळलं तरी चालेल, पण पावण्याला मोकळ्या हातानं लावून द्यायचं नाही. इथे तर पावणं थेट हॉलंडचं. प्राचार्य व्हरांड्यात उभे राहून येईल त्याला सांगत होते, “हॉलंडची मागणी आल्या.” समिती त्याच दुपारी बसली आणि चहा-भडंगासह ठराव मंजूर झाला. ग्रंथपाल दोन दिवस खिडकीपाशी वहीची पानं धरून मोबाइलवर स्कॅन करत होते. मी जवळून गेले तर म्हणाले, “डिस्टर्ब करू नका मॅडम, परदेशाचं काम हाय.” मी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन पोटभर हसले.

वरच्या मजल्यावरची वही हॉलंडला पोचली आणि त्याच संध्याकाळी तिथून खालच्या मजल्यावर माझ्या मेलमध्ये आली. मी हावरटासारखी पानं उलटत गेले. बारीक, सरळ अक्षर. विहिरीचा नंबर, मालकाचं शेत आणि परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात मोजलेली खोली. सत्तावीस नंबर ही सगळ्यात मोठी विहीर. भर उन्हाळ्यात सगळ्या माळाला तिचं पाणी पुरायचं. आज तिच्यावर अपार्टमेंट आहे आणि त्याला रोज टँकर येतो. माझं सगळं प्रकरण तिच्याभोवती बांधलेलं होतं. आणि नेमक्या तिच्या खोलीच्या रकान्यावर एक अंगठा होता. शिक्क्याची जांभळी शाई लागलेला, नखासकट स्कॅनमध्ये स्पष्ट आलेला.

प्रबंध परवा द्यायचा होता. बाईंना पुन्हा मागायला लावलं असतं तर पुन्हा समिती आणि पुन्हा भडंग. मी त्या पानाची प्रिंट घेऊन वर गेले.

“सर, हा कोणाचा?”

त्यांनी चष्मा लावला आणि कागद बराच वेळ न्याहाळला. “माझाच हाय की. तुमच्याकडं कसं आलं ह्ये?”

“हॉलंडनं दिलं. तुमच्याकडे मी आठ महिने मागत होते.” माझा आवाज चढला होता. मला खरोखर संताप आला होता आणि तो लपवायची इच्छा नव्हती.

ते उठले, दार लोटून घेतलं, खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. अर्ज नाही, सही नाही. वही माझ्यापुढे ठेवली, पान काढलं आणि ते मिटू नये म्हणून सवयीनं अंगठा ठेवला. पुन्हा तिथंच.

“अंगठा, सर.”

त्यांनी तो उचलला. खाली लिहिलं होतं, नऊ परस.

“मी तवा नवीन हुतो,” ते वहीकडे बघत म्हणाले. “सरांनी सोता माझ्या हातात दिल्ती. म्हणले, मागंल त्याला दाखवत जा.”

माझा राग तिथल्या तिथे गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते जास्त जड होतं. मी आकडा उतरवून घेतला. वही कपाटात जाताना ते हळू आवाजात म्हणाले, “एक करा मॅडम. आपल्याकडं बघितली म्हणून लिहू नका. इनापरवानगी दाखवली म्हणून चौकशी लागंल. हॉलंडचं नाव घाला.”

मी घातलं. माझ्या प्रबंधात बावड्याच्या सत्तावीस नंबरच्या विहिरीची खोली नऊ परस दिली आहे आणि ती हॉलंडच्या प्रतीत पाहिल्याचं खाली लिहिलं आहे. कोणाला शंका आली आणि तो तिकडे तपासायला गेला, तर त्याला तिथे आकडा सापडणार नाही. आमच्या ग्रंथपालांचा अंगठा दिसेल.