कोबाल्टच्या खोलीची किल्ली

आमच्याकडे माणसाच्या हाती पैसा आला की तो आधी जमीन घेतो आणि मग एखाद्या ट्रस्टचा अध्यक्ष होतो. अक्कल कुठेच लागत नाही. आमच्या दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष कापसाचे जिनिंगवाले होते. मी तिथे कॅन्सरच्या पेशंटना कोबाल्टच्या मशीनवर शेक द्यायचो. कोबाल्टचा जोर वर्षागणिक उतरतो. आमचा इतका उतरला की उपचाराला निकामी झाला, पण शिशाचं कवच फोडून कुणी तो हातात घेतला असता, तर त्याला मारायला तो पुरून उरला असता. असा जुना कोबाल्ट ज्यांनी दिला त्यांच्याकडे परत पाठवायचा असतो. मी दरपत्रक मागवलं.

ते बैठकीत वाचलं आणि सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झाले. खास पेटी, परवान्याची गाडी, शिकलेली माणसं, विमा, परवानग्या. मशीन घ्यायला देणगीदार मिळतात, कारण भिंतीवर नावाची पाटी लागते. मशीनचा कचरा उचलायला कोण देणगी देणार?

"माह्या गाड्या रुईच्या गाठी घेऊन मुंबईले जातेच," अध्यक्ष म्हणाले. "एकीत टाकून देऊ. भाडं कायले भरता?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला होता. बाकीचे मात्र माना डोलवत होते. असं नेलं तर सगळे तुरुंगात जाल, हे मी समजावल्यावर वकील ट्रस्टींनी तोडगा काढला.

"पडून राह्यलं तं काय खाते काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

म्हणजे साठवणूक फुकट! पुढच्या वर्षी या अकलेच्या कांद्यांच्या लक्षात आलं की खोलीबाहेरचा चौकीदार पगार खातो. त्याला काढलं. उरलं एक कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात. दर वर्षीच्या अहवालात 'सुरक्षित आहे' असं लिहून मी सही करायचो आणि घरी येऊन बायकोसमोर ट्रस्टींची अक्कल काढायचो. अशी नऊ वर्षं गेली.

मी निवृत्त व्हायला तीन महिने उरले होते, तेव्हा अध्यक्ष ढाणकीच्या एका भंगारवाल्याला घेऊन आले. त्यांना कुणीतरी शिशाचा भाव सांगितला होता. खर्चाच्या जागी कमाई होणार, म्हणून स्वारी खुशीत होती.

भंगारवाला मात्र दारावरची पिवळी पाटी पाहून थांबला. हे काय आहे, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं. कवच कापलं तर डोळ्यांना दिसणार नाही, वासही येणार नाही, पण कापणारा वाचणार नाही, आणि तो माल ज्या घरात जाईल त्या घरातलेही वाचणार नाहीत. तो दोन पावलं मागे सरला.

"मले नाही पायजे, शेठ. माह्या घरी लेकरं आहेत."

"अरे, काही होत नाही! हा उगा भेव दाखवते."

"मंग तुमीच कापा न."

अध्यक्ष लालबुंद झाले. ते माझ्याकडे वळले. "किल्ली उद्या ऑफिसात जमा करा. दुसरा पाहू. अन् तुमच्या ग्रॅच्युइटीच्या कागदावर माही सही बाकी आहे, ध्यानात ठेवा." एवढं बोलून ते गाडीत बसून निघून गेले. मी घाबरलो होतो, हे लपवत नाही.

भंगारवाला तंबाखू मळत उभा होता.

"साहेब, मी तं इचारलं म्हणून वाचलो. कोणी कुलूप तोडून नेलं असतं तं? तुमाले सारं मालूम होतं. मंग वर कोणाले सांगतलं काहून नाही?"

मी म्हणालो, सांगून काय उपयोग, ही माणसं ऐकतात का? मी अध्यक्षांकडे ज्या नजरेने पाहायचो, त्याच नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आपली भंगाराची गाडी सुरू केली.

किल्ली मी जमा केली नाही. दुसऱ्या दिवशी उमरखेडच्या पोस्टातून अशा मशीनचे परवाने देणाऱ्या वरच्या सरकारी कार्यालयाला पत्र टाकलं, खाली स्वतःचं नाव लिहून. तपासणी झाली, परवान्याची गाडी आली आणि कोबाल्ट गेला. ग्रॅच्युइटी अजून अडकलेली आहे. पत्र लिहायला मला वीस मिनिटं लागली होती. तेवढं न करता मी नऊ वर्षं अध्यक्षांना नावं ठेवत बसलो होतो.